नीलम्मा, काटा किती?

नाही, पण मी म्हणतो, माणसानं बायकोला समुद्र दाखवायला न्यावं, तिच्यासाठी चाकांवर अख्खं घर बांधावं, आणि त्या घरात बसवल्यावर तिला खिडकीबाहेर बघू द्यायचं नाही? ही कुठली पद्धत झाली हो? बाहेर ज्वारी हुरड्याला आलेली, करडई अशी पिवळीधमक फुललेली, सकाळचं कोवळं ऊन... आणि ही बाई बघतेय काय, तर एवढ्याशा काचेमागचा एवढासा काटा! आणि दर दोन मिनिटांनी शेजारून आवाज...

"नीलम्मा, काटा किती?"

"एकशे ऐंशी."

"बरं."

झालं! हा ह्यांचा संसार! तुम्हाला सांगतो, तीस वर्षांच्या लग्नात नवरा-बायकोत इतकं बोलणं पहिल्यांदाच होत होतं, आणि ते हे असलं.

आमच्या गल्लीतलं तिसरं घर, गुरुबसप्पाचं. गिरणीत बॉयलरवर होता. एकतीस वर्षं एकाच स्टुलावर बसून एकाच काट्याकडे बघत होता. काटा एकशे वीस पौंडावर पाहिजे. वर गेला तर बॉयलर फुटतो, खाली आला तर माग बंद पडतात नि मॅनेजर ओरडतो. त्यामुळं काय झालं, की गुरुबसप्पाला काटा नसलेल्या कुठल्याच वस्तूकडे बघता येईना. बायकोला काटा नव्हता, तर तिच्याकडे कशाला बघतोय? घरी यायचा, भाकरी मोडायचा, पाणी प्यायचा, झोपायचा. नीलम्मा वाट बघायची, हे आता काहीतरी बोलतील... कसलं बोलतायत! एकदा म्हणे सहा महिन्यांनी बोलला, आणि काय बोलला? "चटणीत मीठ जास्त हाय." ती बाई दोन दिवस खुशीत होती!

हे मला कुणी सांगितलं म्हणता? खुद्द नीलम्मानं. घरात दोघं कानडी बोलायचे, मी आपलं तुम्हाला आपल्या भाषेत सांगतोय.

तर चौऱ्याहत्तर साली गुरुबसप्पा रिटायर झाला. लग्नात म्हणे शब्द दिला होता, गोकर्ण दाखवीन, समुद्र दाखवीन. पण बॉयलर सोडून जायचं कसं? आणि नीलम्माला दुसऱ्याच्या घरात झोप येत नाही, धर्मशाळेतलं पाणी चालत नाही, अंघोळ नि लिंगपूजा झाल्याशिवाय तोंडात घास जात नाही. मग आपलं घरच घेऊन गेलं तर? आता हा विचार शहाण्या माणसाच्या डोक्यात येतो का? आला की ह्याच्या! कुठल्याशा खताच्या कंपनीची प्रचाराची मोटार लिलावात निघाली होती, गावोगाव फिरून पडद्यावर पिक्चर दाखवणारी, डिझेलवरची, म्हातारी. ती ह्यानं आणली. आत दोन फळ्यांचे पलंग ठोकले, स्टोव्हला खाच केली, भिंतीत देवाचा कोनाडा, डब्यांना पट्ट्या, कडक भाकऱ्यांचा एक डबा, शेंगाच्या चटणीचा एक. बाहेरून हिरवा रंग मारला. पण खाली चित्र होतं हो, हातात कणीस घेतलेला हसरा शेतकरी. दोन हात मारले, तीन मारले, शेतकरी काही जाईना. हिरव्या रंगाखालून हसतोच आहे!

आणि अठ्ठावन्नाव्या वर्षी हा माणूस मोटार चालवायला शिकला. शिकवणारा म्हणायचा, "काका, समोर बघा, समोर! रस्ता समोर हाय!" हा बघायचा काट्याकडे. मोटारीला काटा होता ना! इंजिनाच्या पाण्याची उष्णता दाखवणारा, फॅरनहाइटचा, इंग्रजी आकड्यांचा. गुरुबसप्पाला हरवलेलं माणूस सापडल्यासारखं झालं. पण समोर बघायचं नि काट्याकडेही बघायचं हे जमेना. एका दुपारी कंपौंडाच्या भिंतीला मोटार लागली, तेव्हा त्यानं ठरवलं, रस्ता मी बघतो, काटा नीलम्मा बघेल.

तिला इंग्रजी आकडे येत नव्हते. मग ह्यानं काचेवर बारीक कागद चिकटवले, त्यावर कानडी आकडे. आणि महिनाभर, तुम्हाला सांगतो, महिनाभर ती बाई दारात उभ्या असलेल्या मोटारीत दुपारी दोन-दोन तास बसून शिकत होती! बोळातली पोरं खिडकीतून डोकावायची, "आज्जी, कुठं निघाला?" आज्जी कुठली निघतेय? एक दिवस तर ह्यानं काट्याची तार इंजिनातून सोडवून आणली, तिच्या टोकाला पितळेचा बोंडासारखा बल्ब, आणि तो सरळ तिच्या स्टोव्हवरच्या आधणात बुडवला. काटा चढला, दोनशे नऊवर थांबला.

"बघ. सोलापुरात पाणी दोनशे नऊवर उकळतंय. समुद्रकाठी दोनशे बारावर. काटा बरोबर हाय."

बल्ब बाहेर काढला, काटा घसरत खाली आला. ह्यानं बल्ब धोतराला पुसला नि परत बसवला. झाली परीक्षा!

नीलम्माचं मात्र वेगळंच चाललेलं. तिला ते आकडे पाठ होईनात. मग तिनं आपल्या स्वयंपाकाच्या हिशोबानं लावून घेतलं. एकशे चाळीस म्हणजे न्हाणीतलं पाणी, जरा विसण घालावं लागेल असं. एकशे ऐंशी म्हणजे डाळ शिजायला लागली, आता आच बारीक करून दुसरं काम करा. दोनशे म्हणजे भात वर येतोय, जागचं हलू नका. आणि दोनशे नऊ म्हणजे उतू गेलं, धावा! गुरुबसप्पाला हे सांगितलं तर म्हणतो कसा, "इंजिन म्हणजे काय भगुणं हाय?" आता नाही तर काय आहे हो? खाली जाळ, आत पाणी. मला सांगा, काय फरक आहे?

पुढच्या वर्षीच्या संक्रांतीला सिद्धेश्वराची यात्रा झाली, आणि दहा-बारा दिवसांनी पहाटे हे निघाले. पहिला मुक्काम मैंदर्गी. तिथं नीलम्माची थोरली बहीण काशम्मा. ही काशम्मा म्हणजे... काय सांगू! दर सणाला हिला म्हणायची, "तुझ्या नवऱ्यानं तुला गिरणीच्या भोंग्यापलीकडं काय दावलं गं?" म्हणून नीलम्माची एकच इच्छा, काशम्माच्या दारात आपल्या घरासकट उतरायचं. घरातून उतरून तिला म्हणायचं, "ये अक्का, आत ये, चहा टाकते." मग पुढं विजापूर, हुबळी, घाट, गोकर्ण.

सोलापूर सुटलं आणि सुरू झालं.

"नीलम्मा, काटा किती?"

"एकशे साठ."

"बरं."

"ते बघा, बगळे किती..."

"काटा बघ."

वळसंगला जरा थांबले इंजिन गार करायला, तर पोरंबाळं, म्हातारे, सगळं गाव गोळा. तो शेतकरी दिसतोय ना रंगाखालून! "पिक्चर किती वाजता हाय?" "खत फुकट देणार काय?" एक म्हातारी पोतं पसरून पुढच्या जागेवर बसली सुद्धा! गुरुबसप्पा सांगतोय, आवो पिक्चर न्हाय, आमी समुद्र बघाया चाललोय, तर म्हातारी म्हणते, "मग समुद्राचाच दाव की बाबा." पळाले तिथून.

"नीलम्मा, काटा किती?"

"एकशे नव्वद."

"किती?"

"डाळ शिजून वर आली बघा."

"आकडा सांग गं बाई, आकडा!"

मोटार हळू. मोटार बाजूला. इंजिनाला वारं घाल. पुन्हा चल. वीस मैलांच्या वर वेग नाही, आणि ह्याच्या कपाळावर घाम, जबडा आवळलेला, हात चाकावर असे की बॉयलर फुटायच्या आधी ह्याच्याच शिरा फुटतील. नीलम्माची मान आखडली. डोळ्यांत पाणी यायला लागलं, टक लावून. तिच्या मनात आलं, मी गोकर्णाला पोचेन, समुद्रापुढं उभी राहीन, आणि तिथंपण हे विचारतील, नीलम्मा, काटा किती? मग गिरणीतल्या स्टुलावर आणि ह्या शिटावर फरक काय? एकतीस वर्षं ते बसले, आता मी बसले. रडायलाच आलं तिला. पण डोळे पुसले तर काटा दिसणार नाही, म्हणून पुसले पण नाहीत!

अक्कलकोट आलं. पाणी भरलं. निघाले. आता मैंदर्गी सात-आठ मैल.

आणि तिथं काय झालं, बघा.

"नीलम्मा, काटा किती?"

"एकशे साठ."

"साठ? नीट बघ."

"नीट बघते की. आता एकशे चाळीस."

"चाळीस!"

"एकशे वीस... खालीच चाललाय अजून."

गुरुबसप्पानं स्वतः डोकावून बघितलं. खरंच की! काटा आपला निवांत उतरतोय, शंभर, शंभराच्या खाली. आणि नीलम्मानं काय बघितलं, तर नवऱ्याचा जबडा सुटला. खांदे खाली आले. त्यानं डोक्यावरची टोपी काढून मांडीवर ठेवली, कोपर खिडकीवर टेकला, आणि हा माणूस हसला हो! "गार वारं लागलं इंजिनाला. नवं होतं ना माझ्या हाताला, आता सवय झाली त्याला." आणि मग म्हणाला, "काटा सोड आता. बाहेर बघ. करडई बघ कशी फुललीय."

तीस वर्षांत पहिल्यांदा! काटा सोड म्हणाला!

तिनं बाहेर बघितलं. पिवळं, सगळं पिवळं. आणि शेजारून तो बोलायला लागला. विचारलं नाही, सवरलं नाही, आपणहून. म्हणाला, "शरणू असती तर अठ्ठावीस वर्षांची झाली असती."

ह्यांना एक मुलगी झाली होती, शरणम्मा. दोन वर्षांची होऊन तापानं गेली, एकोणपन्नास साली. भर दुपारी गेली. गिरणीत निरोप पाठवला होता, आणि बाप आला तो पाळी सुटल्यावर, संध्याकाळी. नीलम्मानं कधी विचारलं नाही का उशीर केला. त्यानं कधी सांगितलं नाही. सव्वीस वर्षं ते घरात तसंच पडून होतं, जेवताना मधे, झोपताना मधे.

"निरोप मला अकरालाच मिळाला होता," तो म्हणाला. "दुसरा माणूस आला नव्हता. बॉयलर कुणावर सोडू? वाफ चढलेली. मी काट्याकडं बघत बसलो. बघत होतो, पर मला काटाच दिसत न्हवता, नीलम्मा. नुसतं पांढरं गोल. त्या दिवशी वहीत मी सगळे आकडे खोटे लिहिले. एकशे वीस, एकशे वीस, एकशे वीस. एक बी बघून लिहिला न्हाई."

आणि नेमका तेव्हा तिला वास आला.

कसला वास, हे बाईमाणसाला सांगायला लागतं का? भांड्यातलं पाणी आटून गेलंय, भांडं कोरडं पडलंय, आणि खाली जाळ चालूच आहे... तो वास. तेल करपल्यासारखा, धातू तापल्यासारखा. कुठल्याही बाईला हा वास झोपेत आला तरी ती उठून चुलीकडं पळते. नीलम्मानं काट्याकडे बघितलं, शंभराच्या खाली. पण नाक कुठं खोटं बोलतंय? तिला कळलं. अगदी पक्कं कळलं, की आत काहीतरी कोरडं जळतंय. तोंड उघडलं सांगायला.

आणि तो म्हणाला, "मी तेव्हाच यायला पायजे होतं. निदान तू एकटी न्हसतीस."

तिनं तोंड मिटलं.

तुम्हाला सांगतो, तुमचा विश्वास बसणार नाही, त्या बाईनं तोंड मिटलं! इंजिन जळतंय, तिला माहीत आहे जळतंय, आणि ती मनात म्हणते, जळू दे. सव्वीस वर्षांनी आधण आलंय, आता कोण उतरवून ठेवतंय? मोटार जरा ओढेना झाली, तर हा म्हणतो चढ आहे. काहीतरी खडखडायला लागलं, तर म्हणतो रस्ता खराब आहे. आणि बोलतोय! शरणूला पहिला दात आला ते बोलला. ती भोंगा वाजला की कानांवर हात ठेवायची, ते बोलला. नीलम्माला वाटलं होतं, ह्यांच्या ध्यानातच नसेल काही. सगळं होतं की! दातसुद्धा होता! वीस मिनिटं, धरा पंचवीस. मैंदर्गी दीड मैलावर आली. मग तो थांबला, तिच्याकडे बघितलं, रस्ता सोडून तिच्याकडे बघितलं, आणि म्हणाला,

"आणि नीलम्मा, आणखी एक. हे मी कुणाला म्हणजे कुणाला..."

खडाड्!

असा आवाज झाला की करडईतले पक्षी उडाले. मोटार जागच्या जागी गच्च. इंजिन जाम! पुन्हा फिरेना, हलेना, चुर्र चुर्र नुसता धूर. गुरुबसप्पा काट्याकडे बघतोय, काटा तळाला निवांत झोपलेला. "काटा तर खाली हाय," तो म्हणतोय, "नीलम्मा, काटा तर खाली हाय..."

मग काय! शेतातून कुणाची तरी बैलजोडी आणली, साखळी बांधली, आणि आपल्या घरात बसून, बैलांच्या मागं, नीलम्मा मैंदर्गीत शिरली. वेशीपासून पोरं मागं. काशम्मा दारात पदर खोचून उभी. "आलीस व्हय गं नीले? घर घेऊन येणार म्हणाली होतीस, आणलंस की! आणि बैल कुणाचे हे?" एवढंच. पण सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं.

दुसऱ्या दिवशी अक्कलकोटहून दस्तगीर मिस्त्री आला. खाली गेला, बाहेर आला, हातात फाटलेला रबराचा पाईप. म्हणाला, "चाचा, नीचे का पाईप फट्या. पानी पूरा रस्ते पे गया. इंजन खतम."

"पर काटा खाली होता!" गुरुबसप्पा म्हणाला.

"काटे का बल्ब पानी में डूबा रहता, चाचा. पानी गरम हुआ तो वो बोलता. पानीच नै, तो बल्ब हवा में लटक्या. अब हवा का बुखार क्या बतायेंगा वो? काटा एकदम से नीचे आया ना, वहींच गाडी रोकना था!"

गुरुबसप्पानं तो पाईप हातात घेऊन उलटासुलटा करून बघितला. मग म्हणाला, "बॉयलरला पाणी बघायची काच असती. वाफेचा काटा वेगळा, पाण्याची काच वेगळी. मोटारीला काच का न्हाय ठेवली कुणी?" दस्तगीर हात पुसत बसला.

मोटार राहिली काशम्माच्या परड्यात, आणि हे दोघं एसटीनं परत. एसटीत नीलम्माला राहवेना. तिनं सांगून टाकलं, "मला वास आला होता. अक्कलकोट सुटल्यावर थोड्याच येळानं. करपल्याचा. मी बोलले न्हाई."

तुम्हाला काय वाटतं, तो चिडला? ओरडला? चिडला असता तर बरं झालं असतं हो! नुसतं विचारलं, "काटा किती होता तेव्हा?"

"शंभराच्या खाली."

"मग तुझं काय चुकलं," म्हणाला आणि खिडकीकडे तोंड केलं. वास हा काय आकडा आहे होय? वहीत लिहिता येतो का वास? त्याच्या लेखी दोष दुसऱ्याच कुणाचा होता. तिच्याशी नाही, स्वतःशीच पुटपुटला, "बोलत बसलो. लक्ष न्हवतं. बोलत बसलो."

आणि त्या दिवसापासून गुरुबसप्पानं बोलणं बंद केलं. म्हणजे आधी कमी होतं, आता बंदच! चटणीत मीठ जास्त पडलं तरी खातो. नीलम्मानं मुद्दाम घालून बघितलं, मूठभर घातलं, खाल्लं हो त्यानं! काटा किती हेसुद्धा विचारत नाही, विचारायला काटाच कुठाय? संध्याकाळी ओट्यावर बसतो, समोर भिंत. ती शेजारी बसते. एकदा तिनं विचारलं, "मैंदर्गीच्या अलीकडं तुमी काय सांगत होता? आणखी एक म्हणाला होता." त्यानं मान हलवली. "इसरलो."

विसरला नव्हता. एवढं तिला कळत होतं.

तुम्हाला सांगतो, ती बाई ह्या उन्हाळ्यात एकटी एसटीत बसली. आयुष्यात पहिल्यांदा एकटी. काशम्माकडे नाही गेली, अक्कलकोटला उतरली, विचारत विचारत दस्तगीरच्या गॅरेजात गेली. तो गाडीखालून बाहेर आला, "क्या हुआ अम्मा? चाचा ठीक है ना?"

"ठीक हाय. आमच्या मोटारीला एखादं जुनं इंजिन बसतंय का बघ."

"बसता की. मगर अम्मा, पुराना इंजन कितना चलेंगा, भरोसा नै."

"न्हाई चाललं तरी चालंल, बाबा," नीलम्मा म्हणाली. "फकस्त मागच्यापेक्षा जरा सावकाश जळणारं बघ."